मोहरीच्या कुळाचं नातंगोतं आणि डीएनए: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या वाचनालयांत आणि मराठी शाळांत मी वनस्पतिशास्त्रावर बोलायला जाते. पोटापाण्याचं काम कॉलेजात शिकवण्याचं. मोहरीच्या कुळावरचं भाषण संपलं की चहाच्या वेळी बहुतेक तेच तेच प्रश्न येतात. तेच इथे लिहून ठेवलेत. क्रम ठरवून लावलेला नाही, लोक विचारतात तसाच आहे.

मोहरीचं कुळ म्हणजे नेमकं कोण कोण?

बेळगावच्या मंडईत पिशवी घेऊन फिरलात की निम्मं कुळ पिशवीत येतं: कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मुळ्याच्या डिंगऱ्या. वाण्याकडून मोहरी आणि बाळंतिणीच्या लाडवांसाठी हळीव घेतलेत तर आणखी दोन. जगभरात या कुळात सुमारे ४,००० जाती आणि साडेतीनशेच्या आसपास प्रजाती आहेत. (जाती म्हणजे एकेक प्रकारचं झाड, प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचं घर. हे दोन शब्द उलटसुलट वापरले की सगळाच गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगितलं.)

ओळखायचं फुलावरून. परसात एखादा मुळा उपटायचा राहून गेला असेल आणि फुलावर आला असेल तर त्याचं एक फूल हातावर घ्या. चार पाकळ्या, फुलीसारख्या मांडलेल्या. आत सहा पुंकेसर, त्यातले चार उंच आणि दोन बुटके. हा चार-दोनचा हिशेब मोहरीच्या फुलातही तोच, कोबीच्या फुलातही तोच. कोबी फुलापर्यंत पोचू देत नाही आपण, ही गोष्ट वेगळी.

कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल ही वेगळी झाडं नाहीत?

नाहीत. तिन्ही मिळून एकच जात, ब्रासिका ओलेरासिया. ब्रोकोलीही तीच. माणसाने कुणाचं पान फुगवलं, कुणाचं खोड, कुणाचा फुलोरा. अजूनही त्यांचा एकमेकांशी संकर सहज होतो.

मग डोळ्यांनी बघून नातं ठरवता येत नाही असं का म्हणता?

कोबीचंच उदाहरण घ्या. इतकी वेगळी दिसणारी झाडं एका जातीची निघतात. उलटंही घडतं, आणि जास्त फसगत तिथेच होते. या कुळात फुलं सगळ्यांची जवळपास सारखी, त्यामुळे जुन्या अभ्यासकांनी भिस्त ठेवली फळावर. लिनियसने अठराव्या शतकात कुळाचे दोन भाग पाडले: लांब शेंगेवाले आणि आखूड शेंगेवाले. १९३६ मध्ये जर्मन अभ्यासक शुल्त्स याने मोठं वर्गीकरण मांडलं, त्याचाही आधार मुख्यतः फळ आणि बी. हे वर्गीकरण कित्येक दशकं चाललं.

डीएनए वाचायला लागल्यावर कळलं, की शेंग आखूड होणं, चपटी होणं, न उकलणं, हे या कुळात एकदा नाही, अनेकदा, वेगवेगळ्या घरांत स्वतंत्रपणे झालंय. कोरोनोपस नावाचं घाण वासाचं तण घ्या. त्याचं फळ जोडगोळीसारखं, उकलत नाही, म्हणून त्याची वेगळी प्रजाती केली होती. डीएनएने दाखवलं, की तो हळिवाच्याच घरातला. २००२ मध्ये त्याला लेपिडियम या हळिवाच्या प्रजातीत घेतलं. २००६ मध्ये अल-शेहबाझ, बाइलस्टाइन आणि केलॉग या तिघांनी डीएनएच्या आधारे अख्ख्या कुळाचे २५ गट नव्याने मांडले. नंतर ते वाढून पन्नासच्या वर गेलेत.

डीएनए 'वाचतात' म्हणजे प्रत्यक्षात करतात काय?

कोवळं पान तोडायचं आणि लगेच सिलिका जेलच्या पुडीत वाळवायचं. प्रयोगशाळेत ते कुटून, रसायनात गरम करून डीएनए वेगळा काढायचा. मग त्यातली अक्षरं यंत्राने वाचून घ्यायची. अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. पूर्वी सँगरच्या १९७७ सालच्या पद्धतीने एकेक तुकडा वाचत. आता यंत्रं एका वेळी कोट्यवधी छोटे तुकडे वाचतात आणि संगणक ते जोडत बसतो.

सांगायला सोपं आहे. एका जुलैत माझ्या एका विद्यार्थ्याने जांबोटीकडच्या एका ओढ्याकाठून या कुळातलं एक रोपटं आणलं. बाहेर पाऊस असा, की चार दिवसांत घरातल्या चामड्याच्या चपलेवर बुरशी चढावी. सिलिकाचे निळे दाणे दुसऱ्याच दिवशी गुलाबी झाले. म्हणजे त्यांनी जेवढं पाणी प्यायचं ते पिऊन झालं होतं, ते बदलायला हवे होते. मी म्हटलं, असू दे, सोमवारी बघू. पुढे नमुना पैसे भरून बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला. आयटीएस नावाचा सहा-सातशे अक्षरांचा तुकडा वाचून आला, आणि तो जगाच्या कोठारात ताडून पाहिला तर उत्तर आलं: बुरशी! हा तुकडा वाचण्यासाठी जी चावी वापरतात ती झाडाला लागते तशी बुरशीलाही लागते, आणि पानावर झाडापेक्षा बुरशीच जास्त माजली होती. चूक माझी, पैसे कॉलेजचे, आणि तो पोरगा अजून भेटला की विचारतो, "मॅडम, बुरशी काय म्हणत्येय?"

तेव्हापासून पावसाळ्यात पुडी दिवसातून दोनदा बदलते.

अक्षरं मिळाली. त्यावरून नातं कसं कळतं?

पेपर तपासणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल. दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तर सारखं असलं तर त्यातून काही सिद्ध होत नाही, दोघांनीही अभ्यास केला असेल. पण 'हरितद्रव्य'ऐवजी दोघांनीही 'हिरतद्रव्य' लिहिलं असेल तर बाकं जवळ होती हे नक्की. तिसऱ्याने तीच चूक करून वर स्वतःची एक घातली असेल तर त्याने या दोघांपैकी एकाचं बघितलं, त्यांनी त्याचं नाही.

डीएनएची नक्कल पिढ्यानपिढ्या होताना अशीच अधूनमधून अक्षरं बदलतात आणि बदललेलं अक्षर पुढे वारशाने जातं. आडात असेल ते पोहऱ्यात येतं. कुठल्या जातींमध्ये कुठले बदल सामाईक आहेत ते मोजत गेलं की कोण कुणापासून कधी फुटलं याचा आराखडा तयार होतो. हिशेब मात्र हाताने होत नाही. दहा जातींचेसुद्धा लाखो वेगवेगळे वंशवृक्ष संभवतात.

एक जनुक वाचलं की काम भागत नाही का? हजार कशाला?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तर लांबेल.

झाडाच्या पेशीत डीएनए एका ठिकाणी नसतो. मोठा साठा केंद्रकात. तो आई आणि बाप दोघांकडून येतो. छोटा साठा हरितलवकात, म्हणजे पानाला हिरवं करणाऱ्या कणांत. मोहरीच्या कुळात हा हरितलवकाचा डीएनए साधारणपणे फक्त आईकडून येतो. म्हणजे केंद्रकात दोन्ही घरांचा इतिहास आणि हरितलवकात निव्वळ आजोळचा.

आता मुळा घ्या. ब्रासिका प्रजातीत ढोबळमानाने दोन घराणी दिसतात: एक कोबी-सलगमचं आणि दुसरं काळ्या मोहरीचं. मुळ्याच्या हरितलवकाचा डीएनए बघितला तर तो कोबी-सलगमच्या बाजूला बसतो. केंद्रकातला आयटीएस तुकडा बघितला तर तो काळ्या मोहरीकडे जातो. दोन्ही वाचनं बरोबर. चुकतं ते एकाच वाचनावर निवाडा देणाऱ्याचं. मुळ्याच्या पूर्वजांत कधीतरी दोन घराण्यांचा संकर झाला असावा, असा यावरून तर्क करतात. या दोन वाचनांतलं भांडण हीच मुळ्याबद्दलची मोठी माहिती आहे, आणि जो ते सरासरी काढून मिटवायला जाईल तो ती माहिती घालवून बसेल.

वाचनं न जुळण्याचं दुसरंही एक कारण असतं, त्यात संकराचा काही संबंध नसतो. जाती भराभर फुटल्या तर पूर्वजाकडे असलेले एका जनुकाचे दोन-तीन नमुने कुणाच्या वाट्याला कुठले येतील याला धरबंध राहत नाही. वाटण्या घाईत झाल्या की भांडी अशीच जातात, धाकट्याकडे मोठ्या आजीचा तांब्या आणि थोरल्याकडे काहीच नाही. एका तांब्यावरून वंशावळ काढली तर ती चुकणारच. म्हणून शेकडो जनुकांच्या वेगवेगळ्या वंशावळी काढतात आणि त्यांच्यात एकमत कुठे आहे ते बघतात.

शेतात, स्वयंपाकघरात असते ती मोहरी कुठली? काळी की राई?

आपल्याकडे फोडणीत पडते ती बहुतेक ब्रासिका जुन्सिया, म्हणजे राई, आणि ती स्वतःच संकर आहे. १९३५ मध्ये वू जांग-चून या शास्त्रज्ञाने एक त्रिकोण मांडला. त्याच्या टोकांना तीन मूळ जाती: सलगमची ब्रासिका रापा (गुणसूत्रं २०), काळी मोहरी ब्रासिका नायग्रा (१६) आणि कोबीची ओलेरासिया (१८). बाजूंवर त्यांच्या जोड्यांतून झालेल्या तीन जाती. रापा आणि नायग्रा मिळून जुन्सिया: २० अधिक १६, बरोबर ३६. रापा आणि कोबी मिळून नेपस, ३८. नायग्रा आणि कोबी मिळून करिनाटा, ३४. त्याने हे डीएनए न वाचता, संकर करून आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजून काढलं. ऐंशी वर्षांनी, २०१४ मध्ये नेपसचा आणि २०१६ मध्ये जुन्सियाचा पूर्ण जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, वाचून झाला, तेव्हा त्याचा त्रिकोण जसाच्या तसा उभा होता. हरितलवकावरून तर आई कोण तेही कळतं: जुन्सियाची आई रापा.

वू स्वतः टोकियोत जन्मलेला, बाप कोरियन, आई जपानी. जपानीत त्याचं नाव नागाहारू ऊ. १९५० मध्ये तो कोरियाला गेला आणि तिथेच राहून भाजीपाल्याच्या बियाण्यांवर काम केलं. सीमाभागात हे सांगितलं की सभेत एक क्षण शांतता होते.

एकदा खानापूरकडच्या एका आजींनी विचारलं, "मग ह्याला झाड कशाला म्हणालायसा? आमच्यात मामाची पोरगी करत्यात, आमची वंशावळ काढली तर जाळंच होतंय." त्या बरोबर होत्या. या कुळाचे अभ्यासक आता वृक्षाच्या जोडीला जाळीही काढतात.

दुकानात 'सासिवे' म्हणतात, घरी मोहरी. एकच ना?

एकच. कन्नड सासिवे, कोंकणी सासव, हिंदी सरसों ही सगळी संस्कृत 'सर्षप'ची लेकरं. मराठीतला 'शिरस'ही त्यातलाच. 'मोहरी' मात्र वेगळ्या घरची. नावांची वंशावळ आणि झाडांची वंशावळ यांचा ताळमेळ घालायला जाऊ नका, डोकं दुखेल.

अख्ख्या कुळाचा वंशवृक्ष तयार झालाय का?

बऱ्यापैकी. २०२३ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने हजाराच्या वर जनुकं वाचून तो मांडला, आणि ३४९ प्रजातींपैकी ९२ टक्के त्यात आल्या. गंमत म्हणजे त्यातले कितीतरी नमुने ताजे नव्हतेच. वनस्पतिसंग्रहालयांतल्या जुन्या, वाळवून कागदावर चिकटवलेल्या पानांतून डीएनए काढला होता. तो तुकडे तुकडे झालेला असतो, पण हवी तेवढी जनुकं गळ टाकून ओढून काढता येतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात किंवा पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहात असे कागद बघायला मिळाले तर नाक मुरडू नका.

या वृक्षात सगळ्यांत आधी फुटलेली फांदी एथिओनेमा, पश्चिम आशियातली छोटी झुडपं. तिचं एक उपकुळ, आणि बाकीचे सगळे, मोहरीपासून हळिवापर्यंत, दुसऱ्या उपकुळात. केंद्रकाचा वृक्ष आणि हरितलवकाचा वृक्ष याही वेळी काही ठिकाणी एकमेकांशी जुळले नाहीत.

फांद्यांवर १००, ८७ असे आकडे लिहिलेले असतात. ते टक्के कसले?

हातातली अक्षरं पुन्हा पुन्हा चिठ्ठ्यांसारखी उचलून तोच हिशेब केला, तर शंभरातून किती वेळा ती फांदी तशीच निघते, त्याचा आकडा. १९८५ मध्ये फेल्सेन्स्टाइन यांनी ही रीत वंशवृक्षांना लावली. मात्र हजारो जनुकं एकत्र ओतली की चुकीच्या फांदीवरही १०० येऊ शकतो. नुसत्या १०० वर भुलू नका.

हे कुळ किती जुनं?

२०१० च्या एका हिशेबात सुमारे ५.४ कोटी वर्षं आलं, २०२३ च्या हिशेबात सुमारे २.४५ कोटी. इतका फरक पडतो, कारण अक्षरं बदलण्याच्या वेगाचं घड्याळ लावायला जीवाश्म लागतात आणि या कुळाचे भरवशाचे जीवाश्म फार थोडे.

पपई आणि शेवगा मोहरीचे पाहुणे आहेत हे खरं?

खरं. फार जवळचे नव्हेत, पण एकाच गणातले (गण म्हणजे अनेक कुळांचा मोठा गोतावळा). चव घेऊन बघा: पपईची ताजी बी चावली की मोहरीसारखा झणका येतो. शेवग्याच्या मुळाची साल चोळून हुंगली तरी तेच. इंग्रजांनी त्याला हॉर्सरॅडिशचं झाड म्हटलं ते उगाच नाही. आषाढात द्वादशीच्या पारण्याला जी वाघाटी खातो तीही याच गोतावळ्यातली. आणि पावसाळ्यात बांधावर उगवणारी तिळवण ज्या कुळातली, ते तर मोहरीच्या कुळाचं सख्खं शेजारी.

हा झणका मिरचीपेक्षा वेगळा. संकेश्वरी मिरची जिभेवर बसते, फेसलेली मोहरी सरळ नाकात चढते. कारण मोहरीत तिखटपणा तयार नसतोच. ग्लुकोसिनोलेट नावाचं द्रव्य एका कप्प्यात, मायरोसिनेज हे विकर दुसऱ्यात. दाणा पाण्याबरोबर कुटला की दोन्ही एकत्र येतात आणि उडणारं तिखट द्रव्य तयार होतं. पाने खाणाऱ्या किड्यासाठी ठेवलेला हा सुरुंग आहे. कढत तेलात टाकलेल्या मोहरीत विकर मरतं, म्हणून फोडणीला तडतड असते पण झणका नसतो. लोणच्यावर फोडणी गार करून घाला असं आई सांगायची, त्यामागचं रसायन हे.

पपईमुळे आणखी एक गोष्ट उलगडली. २००० मध्ये अरॅबिडॉप्सिस या मोहरीकुळातल्या इवल्याशा तणाचा जीनोम वाचला गेला, पूर्ण वाचलेली पहिली वनस्पती. त्यात जनुकांच्या मोठमोठ्या गटांच्या दोन-दोन प्रती दिसल्या, म्हणजे अख्खा जीनोम कधीतरी दुप्पट झाला होता, तोही एकदाच नव्हे. कधी? २००८ मध्ये पपईचा जीनोम वाचला, तर त्यात शेवटच्या दोन दुपटी नव्हत्याच. म्हणजे त्या पपईची वाट वेगळी झाल्यानंतरच्या. ब्रासिकाने पुढे आणखी कमाल केली, तिचा जीनोम तिप्पट झाला. एकाच जातीतून कोबीही निघावी आणि नवलकोलही, याचं मूळ या जादा जनुकांच्या साठ्यात असावं असं मानतात.

आपल्या सह्याद्रीत या कुळाची रानटी झाडं आहेत?

थोडी. हे कुळ थंड आणि कोरड्या मुलखातलं, तुर्कस्तान-इराणच्या पट्ट्यात त्याचा मोठा पसारा. आपल्याकडे ओढ्याकाठी, ओल्या बांधावर पिवळ्या बारीक फुलांची रोरिप्पा इंडिका शोधा.

हे सगळं वाचून शेतकऱ्याला काय मिळतं? गोव्याला भाजी पाठवणाऱ्याने हे का ऐकावं?

एक तर रोगप्रतिकार. कोबीवरच्या काळ्या कुजीला, ज्याला घाण्या रोग म्हणतात, कोबीच्या स्वतःच्या वाणांत प्रतिकार तुटपुंजा. तो चांगला सापडला काळ्या मोहरीचं रक्त असलेल्या नातेवाइकांत, उदाहरणार्थ करिनाटात. नातं किती जवळचं हे माहीत असेल तर कुणाशी संकर जमेल आणि कुठे अडेल याचा अंदाज आधीच बांधता येतो.

दुसरं, कीड. कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग या कुळाचा सुरुंग ओळखूनच अंडी घालायला येतो, आपल्याला जो झणका नकोसा होतो तो त्याला आमंत्रण वाटतो. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने याचाच डाव उलटवला: कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, एक कोबी लावायच्या पंधरा दिवस आधी आणि दुसरी पंचवीस दिवसांनी. पतंग मोहरीवर जातो, फवारणी तिथेच करायची. हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं काम आहे, आणि अजूनही आपल्या भागात मला ते फारसं दिसत नाही. मोहरीच्या दोन ओळी म्हणजे जागा वाया, असा हिशेब लोक करतात. फवारणीचं बिल त्या हिशेबात धरत नाहीत.

म्हणजे हे जीएम, जनुकं बदललेल्या मोहरीचंच काम ना?

नव्हे. आपण इथे अक्षरं वाचतोय, बदलत नाही. डीएमएच-११ या जीएम मोहरीला २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली, आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. तो वाद महत्त्वाचा आहे, पण वेगळा.

मी मराठी माध्यमात शिकतोय. यात पडायचं तर सुरुवात कुठून?

फुकटात होते. जेनबँक नावाचं सरकारी अमेरिकन कोठार इंटरनेटवर सगळ्यांना खुलं आहे. मॅटके हे हरितलवकातलं जनुक घ्या. जुन्सिया, मुळा, हळीव, शेवगा आणि पपई यांची अक्षरं उतरवा, एकाखाली एक मांडा आणि फरक मोजा. पपई आणि शेवगा बाकीच्या तिघांपासून लांब पडतील, हळीव मधे, मोहरी आणि मुळा अगदी शेजारी. मग आयटीएसने तेच करा. तिथे शेवग्या-पपईची अक्षरं मोहरीखाली नीट बसत नाहीत, ते का याचाही विचार करा.

पुढे शिकायचं तर राणी चन्नम्मा विद्यापीठ बेळगावजवळच, धारवाड आणि कोल्हापूर दोन्हीकडे बस जाते. इंग्रजीचं भय वाटतं ते सहा महिन्यांत जातं, शब्द तेच तेच असतात.

आणि भाषणाला येताना फुलावर आलेला मुळा घेऊन या. वर्तमानपत्रात गुंडाळून आणा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. पिशवीत तो घामेजतो आणि पोचेपर्यंत पाकळ्या गळून जातात, मग मी पुंकेसर कुठले दाखवू?